१/१० मापाच्या ट्रकमध्ये मोठी बॅटरी बसवण्यासाठी ट्रे कापावा का?

कोलशेतकर (ठाणे)

नमस्कार. माझ्याकडे १/१० मापाचा, मागच्या दोन चाकांवर चालणारा शॉर्ट कोर्स प्रकारचा रिमोट कंट्रोल ट्रक आहे. मोटर ५५० आकाराची, १२ टर्नची (म्हणजे आतल्या तारेच्या १२ वेढ्यांची), ब्रश्ड आहे आणि ईएससी, म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणारा भाग, हॉबीविंगचा क्विकरन १०६० आहे. ट्रकबरोबर सहा सेलची, ७.२ व्होल्ट आणि ३००० एमएएच क्षमतेची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी मिळाली होती. आमच्या संकुलामागच्या मोकळ्या भूखंडावर मी ट्रक चालवतो. पावसाळा सरल्यावर तिथे घोटाभर गवत माजलेले असते आणि अशा गवतात ही बॅटरी जेमतेम १२ मिनिटे पुरते. ती पुन्हा चार्ज होईपर्यंत अंधार पडतो.

मोठी बॅटरी घ्यावी असे ठरवून दुकानात चौकशी केली, तेव्हा तीन पर्याय समोर आले. पहिली २एस लायपो (दोन सेलची लिथियम पॉलिमर; ३एस म्हणजे तीन सेलची), ५२०० एमएएच, हार्ड केस म्हणजे कडक प्लास्टिकच्या आवरणाची, १३८ × ४६ × २५ मिलिमीटर, वजन २७० ग्रॅम. दुसरी २एस लायपो, ८००० एमएएच, १५५ × ४८ × २५ मिलिमीटर, ३९० ग्रॅम. तिसरी ३एस लायपो, ५००० एमएएच, जवळपास दुसरीएवढीच. दुकानदाराचे म्हणणे असे की १०६० हा ईएससी ३एस सहज घेतो, तेव्हा तिसरी घ्या, वेगही वाढेल आणि वेळही.

बॅटरी जिथे बसते त्या माझ्या ट्रेची आतली लांबी १४० मिलिमीटर, रुंदी ४७ मिलिमीटर आणि वरच्या पट्टीखालची उंची २५ मिलिमीटर आहे. त्यातही तळाच्या दोन्ही लांब कडांना आतून गोलाई आहे, कारण जुन्या बॅटरीचे सेल गोल आहेत. चौकोनी केस त्या गोलाईवर टेकून साधारण दोन मिलिमीटर वर राहील असे दिसते. ८००० ची बॅटरी बसवायची तर ट्रेची मागची भिंत कापून जागा लांबवावी लागेल, आणि रुंदीतही ती एक मिलिमीटर जास्त आहे. करवत हातात घेण्याआधी जाणकारांचे मत हवे आहे. भिंत कापल्याने ट्रक कमकुवत होईल का, आणि वाढलेल्या वजनासाठी शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतील का, हेही कृपया सांगावे.

नेरूळ_कार्यशाळा

कोलशेतकर, तुम्ही मापे घेऊन विचारले हे बरे केले. बहुतेक जण बॅटरी घरी आल्यावर विचारतात.

३एसचा पर्याय आधी बाजूला ठेवू. १०६० हा ईएससी ३एस घेतो हे खरे, पण त्याच्या माहितीपत्रकात व्होल्टेजबरोबर मोटरचीही अट घातलेली आहे. २एस लायपोवर १२ किंवा त्याहून अधिक टर्नची मोटर चालते. ३एस लावायची तर मोटर किमान १८ टर्नची हवी. टर्न जितके कमी तितका मोटरचा प्रवाह जास्त, म्हणजे तुमची मोटर २एसवरच मर्यादेच्या काठावर उभी आहे. दुकानदाराने तुम्हाला वाक्याचा सोयीचा अर्धा भाग तेवढा सांगितला.

आता ट्रेबद्दल. कोणतीही बॅटरी विकत घेण्याआधी तिच्या मापाचा पुठ्ठ्याचा ठोकळा तयार करा, त्याच्या एका टोकाला जाड वायरीचे दोन तुकडे चिकटपट्टीने लावा आणि तो ट्रेमध्ये ठेवून वरची बॉडी पूर्ण बसते का ते पाहा. हार्ड केसमधून वायरी जिथून बाहेर पडतात तिथे त्यांना वळायला आणखी १० ते १५ मिलिमीटर जागा लागते, आणि माहितीत छापलेल्या लांबीत ही जागा धरलेली नसते. १३८ मिलिमीटरची बॅटरी १४० च्या ट्रेत कागदावर बसते. पण वायरी टोकाकडून निघत असतील तर त्या भिंतीवर दाबल्या जातात आणि खडबडीत जमिनीवर काही दिवस चालवल्यावर त्यांचे आवरण तिथे घासून उघडे पडते. वायरी वरच्या बाजूने निघणारी किंवा केसमध्येच गोल सॉकेट असलेली बॅटरी घेतली तर हा त्रास उद्भवत नाही.

कडांची गोलाई कानशीने उतरवणे आणि भिंत कापणे या दोन गोष्टींत मोठा फरक आहे. गोलाईच्या जागी प्लास्टिक सहसा जाड असते. अर्धगोल कानशीने थोडे थोडे घासून, दर वेळी ठोकळा ठेवून पाहत गेलात तर एक-दीड मिलिमीटर सहज निघतो आणि मजबुतीला धक्का लागत नाही. उरलेल्या उंचीसाठी वरच्या पट्टीच्या खुंट्यांखाली वॉशर घालून पट्टी तेवढी वर उचलता येते. खालच्या कडा गोल केलेल्या हार्ड केसही खास अशा ट्रेंसाठी मिळतात. तशी मिळाली तर कानशीचीही गरज नाही.

मागची भिंत मात्र कापू नका. ती वरून नुसती आडोशासारखी दिसत असली तरी चॅसीचा तळ पिळवटू नये म्हणून दिलेली आडवी पट्टी तीच असते, आणि उडी मारून ट्रक मागच्या चाकांवर आपटतो तेव्हा गिअरबॉक्सकडून येणारा दणका आधी तिच्यावर येतो. कापायचीच झाली तर दोन्ही कोपऱ्यांना आधी तीन-चार मिलिमीटरचे भोक पाडून मगच भोकापर्यंत करवत आणावी, कारण काटकोनात कापलेल्या कोपऱ्यातून प्लास्टिकला चीर जाते आणि ती हळूहळू तळापर्यंत पोहोचते. तरीही माझा सल्ला नकोच असा आहे.

टीटीसी_निवृत्त

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यात विद्युत देखभालीचे काम करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे ट्रेपेक्षा माझे लक्ष आधी मोटरकडे जाते. वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. परंतु ट्रे कापून ८००० बसली असती तरी ती बसवावी का, हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.

प्रथम हिशेब पाहू. ३००० एमएएच म्हणजे ३ अँपिअर-तास, म्हणजेच १८० अँपिअर-मिनिटे. ती १२ मिनिटांत संपत असेल तर तुमचा ट्रक सरासरी १५ अँपिअर ओढतो. लायपो पूर्ण रिकामी करायची नसते. ८० टक्क्यांपर्यंत वापरली तर ५२०० मधून ४१६० एमएएच हाती येतात आणि त्याच १५ अँपिअरला ती साडेसोळा मिनिटे चालते. म्हणजे आकडा पावणेदोन पट झाला तरी वाढ साडेचार मिनिटांचीच. हे वाचून तुम्ही निराश व्हाल, पण यात एक गृहीतक आहे: जुनी बॅटरी खरोखर ३००० देते असे मी धरले आहे. ट्रकबरोबर आलेल्या आणि काही काळ वापरलेल्या बॅटऱ्या क्वचितच छापील आकडा देतात. तुमच्या चार्जरमध्ये डिस्चार्जची सोय असेल तर पूर्ण चार्ज केलेली जुनी बॅटरी त्यावर रिकामी करून किती एमएएच निघाले ते पाहा. चार्ज करताना दिसणारा आकडा धरू नका. निकेल बॅटरीत घातलेल्या विजेचा काही भाग उष्णतेत जातो, त्यामुळे तो आकडा नेहमी फुगलेला असतो.

वजनाची चिंता तुम्हाला वाटते तेवढी नाही. सहा सेलची निकेल बॅटरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहा, ती ३५० ते ४०० ग्रॅमच्या दरम्यान भरेल. म्हणजे ८००० ची लायपो जवळपास तेवढ्याच वजनाची आणि ५२०० ची तर शंभरेक ग्रॅमने हलकी. स्प्रिंगा बदलण्याचे कारण नाही. ५२०० लावल्यावर ट्रक किंचित उंच बसला तर स्प्रिंगवरच्या प्रीलोडच्या चकत्या कमी करा, काम झाले.

आता मोटर. लहान बॅटरीचा एक उपकार आपल्या लक्षात येत नाही: ती संपते, म्हणून मोटर थांबते. बारा मिनिटांनी ट्रक उचलून आपण बाकावर बसतो, बॅटरी बदलतो, गप्पा मारतो आणि तेवढ्यात मोटर निवते. ८००० बसवली की गवतातच अर्धा तास सलग चालवण्याची मुभा मिळते, आणि बंद डब्याची ब्रश्ड मोटर गवतातल्या भाराखाली अर्धा तास सलग चालवण्यासाठी बनवलेली नसते. तिच्यात उष्णता आर्मेचरच्या (आतल्या फिरत्या भागाच्या) तारांमध्ये आणि कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश जिथे घासतात त्या तांब्याच्या कड्यावर, निर्माण होते. बाहेरचा डबा उशिरा तापतो. डब्याला हात लावून कोमट लागले म्हणून निश्चिंत झालेल्या माणसाची मोटर आतून कधीच करपलेली असू शकते. ब्रश झिजतात, त्यांच्या स्प्रिंगा तापून ढिल्या पडतात, ठिणग्या वाढतात आणि मग तीच मोटर तेच काम करायला अधिक प्रवाह ओढू लागते. पुढे सगळेच बिघडत जाते. लोक मोटर बदलतात आणि दोष मोटरला देतात.

म्हणून माझे मत असे की ८००० ची एक घेण्याऐवजी ५२०० च्या दोन घ्याव्यात. एकूण क्षमता १०४०० होते, ट्रे शाबूत राहतो, ट्रक हलका राहतो आणि बॅटरी बदलण्याच्या निमित्ताने मोटरला दहा मिनिटांची विश्रांती सक्तीने मिळते. एक बॅटरी बिघडली तरी दुसरीवर संध्याकाळ निभावते, हा आणखी एक फायदा.

गवतात चालवायचे असेल तर याहून मोठा फरक पिनियनने, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या लहान गिअरने, पडतो. त्याला जुळणारा मोठा स्पर गिअर ८७ दातांचा आणि पिनियन १९ चा असेल तर गुणोत्तर ४.५८ होते, पिनियन १७ चा घातला की ते ५.१२ होते. सर्वोच्च वेग सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. पण मोटरवरचा भार आणि प्रवाह दोन्ही उतरतात, म्हणजे वेळही थोडी वाढते आणि उष्णताही कमी होते. पिनियन बदलल्यावर दोन गिअरमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर पुढे सरकवावी, स्क्रू घट्ट करावेत आणि मग चाक फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर दातांचे ठसे उमटले पाहिजेत, पण ती फाटता कामा नये. एवढे अंतर योग्य असते. घट्ट बसवलेले गिअर हेही मोटर तापण्याचे एक कारण आहे आणि ते कोणी तपासत नाही.

तापमान मोजण्यासाठी लेझरच्या ठिपक्याचा औद्योगिक थर्मामीटर घ्या. कपाळावर धरायचा जो थर्मामीटर करोनाच्या काळात घरोघरी आला तो इथे चालत नाही. त्याची मर्यादा शरीराच्या तापाभोवतीच असते आणि तापलेल्या मोटरवर धरला की तो केवळ चूक झाल्याची खूण दाखवतो. डब्यावर ८० अंश सेल्सिअस दिसले की थांबावे. बॅटरी ६० अंशांच्या पुढे कधीही जाऊ देऊ नये.

आणि एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट. १०६० वर बॅटरीचा प्रकार ठरवणारा लहानसा जंपर असतो. तो निकेलच्या जागी राहिला आणि लायपो लावली, तर व्होल्टेज खाली गेल्यावर ईएससी लायपोला वाचवणार नाही. लायपो जोडण्यापूर्वी चिमट्याने जंपर लायपोच्या जागी न्या. शिवाय बॅटरीच्या बॅलन्स प्लगला (प्रत्येक सेलचे व्होल्टेज वेगळे मोजता येते त्या लहान प्लगला) लावायचा भोंगा स्वतंत्र मिळतो. तो प्रत्येक सेल ३.५ व्होल्टला वाजेल असा ठेवा. ईएससीची मर्यादा शेवटचा आधार म्हणून असू द्यावी. रोज तिथपर्यंत जाऊ नये.

कोलशेतकर (ठाणे)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे चार्जरवर डिस्चार्ज करून पाहिले. जुनी बॅटरी २३५० एमएएचच देते. म्हणजे माझा सरासरी प्रवाह १५ नसून सुमारे पावणेबारा अँपिअर निघतो आणि त्या हिशेबाने ५२०० ला २१ मिनिटे मिळायला हवीत. हे मला पुरेसे आहे. पुठ्ठ्याचा ठोकळाही करून पाहिला. वायरी वरून काढल्या तर तो बसतो, फक्त एक बाजू गोलाईवर टेकते.

आता काही पुढचे प्रश्न. जुनी निकेल बॅटरी आणि नवी लायपो वाय आकाराच्या वायरीने समांतर जोडून एकत्र वापरता येतील का? माझा चार्जर ५० वॅटचा आहे, तो पुरेल का? माझा भाचा पुढच्या महिन्यात दुबईहून येणार आहे, त्याला तिकडून बॅटऱ्या आणायला सांगितल्या तर विमानात अडचण येईल का? शेवटचा प्रश्न खेळाचा नाही, सोसायटीचा आहे. इलेक्ट्रिक स्कूटरच्या आगींच्या बातम्यांनंतर आमच्या समितीने पार्किंगमध्ये कोणतीही बॅटरी चार्ज करायला मनाई केली आहे, तर घरात चार्ज करणे कितपत सुरक्षित आहे?

खारघर_चढण

चर्चेत थोडा वेगळा सूर लावतो. मोठी बॅटरी म्हणजे मोटरचा घात, हे सगळ्याच ट्रकना लागू होत नाही. माझ्याकडे दगडांवर चढणारा क्रॉलर आहे. ३५ टर्नची मोटर, अतिशय खालचे गिअर आणि चालीचा वेग माणसाच्या पावलांइतका. टेकडीच्या पायथ्याच्या दगडांवर तो तासभर चालवला तरी मोटर गरम होत नाही, कारण सरासरी प्रवाह तीन-चार अँपिअरच्या आतच राहतो. अशा ट्रकला ३एस सर्रास लावतात आणि त्यात काही वावगे नाही. त्यातही बॅटरी फार मोठी आणि उंचावर असेल तर चढणीवर ट्रक मागे उलटतो, म्हणून आम्ही उलट लहान बॅटरी शोधतो आणि ती पुढच्या आसावर, शक्य तितकी खाली बसवतो.

कोलशेतकरांना वेगाचा मोह असेलच तर ब्रशलेस (ब्रश नसलेली) मोटर आणि तिला जुळणारा ईएससी एकत्र बदलावा आणि मगच ३एसकडे वळावे. पण मग मागच्या गिअरबॉक्समधले प्लास्टिकचे गिअर, आसाच्या जोडण्या आणि चाकांचे षट्कोनी तुकडे एकामागून एक तुटू लागतात आणि बॅटरीच्या निमित्ताने निम्मा ट्रक नवा होतो. ज्याला हे आवडते त्याने करावे; मला आवडते.

टीटीसी_निवृत्त

खारघर_चढण यांचे म्हणणे योग्य आहे. माझा युक्तिवाद १२ टर्नच्या मोटरपुरता आणि गवतापुरताच होता. प्रवाह कमी असेल तर क्षमता हवी तेवढी वाढवावी, तिथे बंधन फक्त जागेचे आणि वजनाच्या तोलाचे.

कोलशेतकर, निकेल आणि लायपो समांतर जोडण्याचा विचार मनातून काढून टाका. पूर्ण चार्ज झालेली २एस लायपो ८.४ व्होल्टला असते आणि तिथून हळूहळू उतरते. सहा सेलची निकेल बॅटरी वेगळ्याच वळणाने उतरते. दोन्ही जोडल्या की जिचे व्होल्टेज जास्त ती दुसरीत प्रवाह ढकलू लागते आणि त्या प्रवाहावर कोणाचेही नियंत्रण नसते. समांतर जोडणी करायचीच तर दोन्ही बॅटऱ्या एकाच प्रकारच्या, समान सेलच्या, शक्यतो एकाच वयाच्या आणि जोडतेवेळी मीटरवर जवळजवळ एकाच व्होल्टेजच्या असाव्यात. तुमच्या बाबतीत दोन ५२०० समांतर बसवायला जागाच नाही, त्यामुळे प्रश्न मिटला. जुनी निकेल बॅटरी फेकू नका. घरात येणाऱ्या लहान मुलांना ट्रक चालवायला द्यायचा असेल तेव्हा तिच्याइतकी निरुपद्रवी बॅटरी नाही. मात्र तेव्हा जंपर परत निकेलच्या जागी न्यायला विसरू नका.

५० वॅटचा चार्जर पुरेसा आहे. ५२०० ची बॅटरी १सीने म्हणजे ५.२ अँपिअरने चार्ज होते. ५.२ अँपिअर गुणिले ८.४ व्होल्ट म्हणजे सुमारे ४४ वॅट. ८००० ला १सीने ६७ वॅट लागले असते, तिथे तुमचा चार्जर कमी पडून वेळ लांबली असती. चार्ज करताना बॅलन्स प्लग लावल्याशिवाय चार्ज करायचे नाही आणि चार्जरवर लायपोचाच प्रकार निवडायचा. निकेलचा प्रकार चुकून राहिला तर चार्जर ज्या खुणेची वाट पाहतो ती खूण लायपोत येतच नाही आणि तो वीज ढकलत राहतो. यातून दुर्घटना होऊ शकते.

विमानाबाबत नियम स्पष्ट आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात आणि १०० वॅट-तासांपर्यंत विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही. तुमची बॅटरी ७.४ गुणिले ५.२ म्हणजे साडेअडतीस वॅट-तासांची आहे. भाच्याला टोकांवर चिकटपट्टी लावून, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवायला सांगा आणि वॅट-तासांचा छापील आकडा दिसेल अशी ठेवायला सांगा. विमानतळावर तोच आकडा विचारतात. तरीही आपल्याकडे मिळत असेल तर इथेच घ्यावी असे मी म्हणेन. कुरिअरने रस्त्यामार्गे येते म्हणून चार दिवस जास्त लागतात, पण बॅटरी फुगलेली निघाली तर परत तरी करता येते.

सोसायटीच्या भूमिकेबद्दल मी तक्रार करणार नाही. घरात चार्ज करताना लादीवर, पडदे आणि गादीपासून दूर, धातूच्या डब्यात किंवा मातीच्या कुंडीत बॅटरी ठेवा, डब्याचे झाकण घट्ट लावू नका आणि चार्ज होत असताना घराबाहेर जाऊ नका, झोपू नका. ट्रक चालवून आणल्यावर बॅटरी पूर्ण निवेपर्यंत चार्जरला जोडू नका. पावसाच्या दिवसांत आठवडेच्या आठवडे ट्रक बाहेर निघत नाही. तेव्हा बॅटरी पूर्ण भरलेली किंवा रिकामी न ठेवता चार्जरच्या स्टोरेज प्रकारावर लावून प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बॅटरी विसरू नये, हे ठाण्यात वेगळे सांगायला नकोच. केस फुगलेली दिसली तर तिचा मोह धरू नये. वापर थांबवावा आणि ती कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावी.

कोलशेतकर (ठाणे)

निर्णय झाला. ५२०० च्या दोन, गोल कडांची केस मिळाली तर तीच, आणि १७ दातांचा पिनियन. करवत जागेवर ठेवली आहे. एकच गोष्ट उरते: माझ्या ईएससीवर जुन्या पद्धतीचा पांढरा प्लास्टिकचा टॅमिया प्लग आहे आणि नव्या बॅटरीवर टी-प्लग किंवा एक्सटी६० यांपैकी एक निवडायचा आहे. मधे अडॅप्टर लावून भागेल का?

नेरूळ_कार्यशाळा

अडॅप्टर लावू नका. पांढऱ्या प्लगची धातूची पाने पातळ असतात आणि दहा-पंधरा अँपिअर सतत गेले की ती तापून प्लास्टिक मऊ होते. गवतात चालवल्यावर तुमचा प्लग हाताला गरम लागत असेल, पाहा. अडॅप्टर लावला की तो कमकुवत सांधा तसाच राहून आणखी एक सांधा वाढतो.

एक्सटी६० घ्या. पकड चांगली असते, उलटा बसत नाही आणि डाग द्यायला (सोल्डर करायला) टी-प्लगपेक्षा सोपा जातो. ६० वॅटची सोल्डरिंगची इस्त्री हवी, लहान २५ वॅटची चालणार नाही. डाग देताना नर आणि मादी प्लग एकमेकांत बसवून ठेवा, म्हणजे उष्णतेने आतले पितळी दांडे वाकडे होणार नाहीत, आणि संकोचनळी (तापवल्यावर आक्रसणारी नळी, हीट श्रिंक) आधी वायरीत घालून घ्या. ईएससीच्या बाजूला नर प्लग आणि बॅटरीच्या बाजूला मादी, म्हणजे बॅटरीचे टोक कधी उघडे राहत नाही. बॅटरीवर आधीच एक्सटी६० बसवून आलेली असेल तर तिच्याकडे हात लावायची गरजच नाही, फक्त ईएससीचा प्लग बदला. बॅटरीचा बदलावा लागलाच तर दोन्ही वायरी एकदम कापू नका: आधी एक कापा, तिला डाग देऊन संकोचनळी चढवा आणि मगच दुसरीला कात्री लावा. प्लग आणि सिलिकॉनची वायर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सुटी मिळते. १४ गेजची वायर तुमच्या प्रवाहाला पुरेशी आहे.